भोर घाटाचे जुने फोटो: काय पुसायचं, काय राखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्जत-खोपोली परिसरातल्या रेल्वेच्या इतिहासावर तुम्ही गावात प्रदर्शन भरवताय. त्यासाठी वेगवेगळ्या सार्वजनिक संग्रहांमधून भोर घाटाचे, खंडाळ्याच्या पुलांचे आणि बोरीबंदरचे जुने फोटो उतरवून घेतलेत. काही पिवळे पडलेत, काहींवर डाग आणि ओरखडे आहेत, एक-दोन नुसतेच धुरकट आहेत, आणि एक जुन्या मासिकातून घेतलेला आहे. ते एआय वापरून स्वच्छ करावेत का, रंगीत करावेत का आणि ए-२ आकारात छापता येतील का, हे तुम्हाला हवंय.

छापता येतील. स्वच्छही करता येतील, आणि तेही फुकट मिळणाऱ्या साधनांनी. रंगीत मात्र करू नका. कारण पुढे सांगतो. एआयबद्दल ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण माणसांचे चेहरे, इंजिनाची चाकं आणि कुठलीही अक्षरं यांना त्याचा हात लागू द्यायचा नाही, एवढं आत्ताच लिहून ठेवा.

हे काम करताना मी एकच कसोटी लावतो. फोटो तयार झाल्यावर त्याला जे झालं, ते काढायचं. ओल, बुरशी, कसर, उजेडाने आलेला फिकेपणा, बोटांचे ठसे, पेटीत घासून पडलेले चरे, स्कॅनरच्या काचेवरची धूळ, हे सगळं नंतरचं. कॅमेऱ्यासमोर जे होतं आणि फोटो तयार होताना काचेवर (तेव्हा फोटो काचेवर घेत) जे घडलं, ते मात्र जसंच्या तसं राहू द्यायचं, मग ते आपल्या डोळ्याला कितीही खुपो. अडचण येते ती समोरची रेघ, डाग किंवा धूसरपणा नंतरचा की मुळातला, हे ओळखण्याची. म्हणून माझं उत्तर साधनांपेक्षा या ओळखण्याबद्दलच जास्त आहे.

सुरुवात फाइलपासून करा. बहुतेक मोठ्या संग्रहांत एकाच फोटोच्या अनेक फाइली ठेवलेल्या असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे छोटी जेपेग, मोठी जेपेग आणि त्याखाली टिफ अशी यादी दिसते. लोक वरची जेपेग घेऊन मोकळे होतात. टिफ घ्या, ती कितीही जड असली तरी. जेपेगमध्ये चित्र आठ-आठ पिक्सेलांच्या चौकोनांत दाबलेलं असतं. तुम्ही काळोख्या भागाला जरा उजळवलंत की बोगद्याच्या तोंडाशी ते चौकोन फरशीसारखे उठून दिसतात. टिफ मिळत नसेल तर संग्रहाला पत्र लिहून मागा. माफक शुल्क घेऊन नवा स्कॅन करून देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली किंवा कुणीतरी आधीच ‘सुधारलेली’ प्रत कधीही आधाराला घेऊ नका.

फाइलबरोबर तिचा संग्रह-क्रमांक, मूळ मथळा आणि दिलेली तारीख आहे तशी उतरवून ठेवा. मथळा चुकीचा वाटला तरी तो बदलू नका, आपली शंका शेजारी वेगळी नोंदवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि भारतातल्या जुन्या फोटोंची ओळखीची ऑनलाइन पानं दीर्घकाळ उघडेनाशी झाली. ज्यांनी नुसते फोटो उतरवले होते आणि क्रमांक नोंदवले नव्हते, त्यांच्याकडे नाव-गाव नसलेली चित्रं उरली.

मूळ टिफला हात लावायचा नाही. तिची प्रत काढून ती १६ बिटमध्ये (म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्यांत) बदला आणि काम वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, करा: डागांचा एक, चऱ्यांचा एक, उजेड-काळोखाचा एक. फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर गिंप या फुकट मिळणाऱ्या साधनातही हे सगळं होतं. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की ‘इथे तार होती, तुम्ही पुसलीत’, तर त्या लेअरवरचा तेवढा ठिपका काढून टाकता आला पाहिजे.

आता फोटो कसा काढला होता ते पाहू. भोर घाटाचा चढ १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पंचवीस बोगदे, १८३१ फुटांची चढाई, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ. त्या काळातले फोटो बहुतेक ओल्या कोलोडियनच्या काचेवर काढलेले. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि लगेच तिथेच अंधाऱ्या तंबूत ती काच धुवायची. घाटात, दमट हवेत, कड्याच्या काठावर हे सगळं सामान हमालांकडून वाहून नेऊन केलेलं आहे. ती काच मग अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर ठेवून उन्हात छापायची. काच जेवढी, फोटो तेवढाच. मोठा करून सहसा छापत नसत. त्यामुळे या प्रतींत बारकावा अफाट असतो. चांगला स्कॅन असेल तर पुलाच्या कमानीतला एकेक चिरा मोजता येतो.

पण या काचेचे स्वभाव माहीत नसले तर माणूस नको ते ‘दुरुस्त’ करायला जातो. ती काच निळ्या प्रकाशाला फार हळवी. निळं आकाश तिच्यावर इतकं जोरात उमटतं की कागदावर ते कोरं पांढरं येतं, ढग दिसतच नाहीत. त्या कोऱ्या जागेत ढग भरून देणारी साधनं आहेत. ती वापरू नका. दूरच्या डोंगरावरची निळसर झाक याच कारणाने पांढुरकी होते आणि राजमाचीकडच्या रांगा विरून गेल्यासारख्या वाटतात. तुमचे ‘नुसतेच धुरकट’ फोटो बहुधा या जातीचे असतील. त्यांना धुकं काढणारा स्लायडर लावला की डोंगराची कड करकरीत दिसायला लागते, पण ती कड साधनाने ओढलेली असते.

फोटो घ्यायला काही सेकंद लागत. म्हणून गाडी नेहमी उभी असते, ओढ्याचं पाणी दुधासारखं दिसतं आणि हललेली माणसं अर्धी पारदर्शक होतात. रुळावर कंबरेपासून खाली स्पष्ट आणि वर पुसट असा एखादा गडी दिसला तर तो डाग नाही. पाय रोवून उभा होता आणि मान वळवली, एवढंच. त्याला राहू द्या. कोपऱ्यात रसायन नीट न पसरल्याची झालर, धारकाच्या चिमट्याची खूण, काचेवर खरडलेला क्रमांक हेही मुळातलंच. प्रदर्शनाच्या प्रतीत कडा कापायच्या असतील तर कापा, पण जपून ठेवायच्या फाइलीत चौकट पूर्ण असू द्या.

सगळ्यात जास्त नुकसान मी बारीक रेघांच्या बाबतीत झालेलं पाहिलं आहे. ओरखडे आपोआप काढणारं कुठलंही साधन लांब, बारीक, सरळ रेघ शोधतं. रेल्वेच्या फोटोत अशा रेघा ठासून भरलेल्या असतात. रुळाकडेने जाणाऱ्या तारायंत्राच्या तारा, सिग्नलच्या तारा, खांबांचे ताण, आणि पुढच्या काळात विजेच्या तारा. बोरीबंदरच्या फोटोत रस्त्यावर वरच्या तारा दिसत असतील तर तो फोटो १९०७ नंतरचा, कारण मुंबईत विजेची ट्राम त्या वर्षी आली. आधीची घोड्यांची होती. रुळांवर तारा दिसत असतील तर १९२५ च्या आगेमागचा किंवा नंतरचा, कारण त्या वर्षी ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेवरची गाडी सुरू झाली. म्हणजे आकाशातली ती फिकट रेघ हाच त्या फोटोचा जन्मदाखला असतो. साधन ती एका सेकंदात पुसतं, फोटो स्वच्छ दिसतो आणि त्याचं वय सांगणारी एकमेव खूण जाते.

मग ओरखडा आणि तार वेगळी कशी ओळखायची? फोटो दोनशे टक्के मोठा करा आणि रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. तार कशाला तरी बांधलेली असते, म्हणून ती खांबाशी संपते किंवा तिथे किंचित वळते. दोन खांबांमध्ये तिला थोडा झोल असतो. ती झाडामागे, इमारतीमागे लपते आणि पलीकडून पुन्हा निघते. कॅमेऱ्याजवळ जाड आणि दूर बारीक होते. ओरखड्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो खांब, माणूस, धूर, आकाश सगळ्यांवरून एकाच जाडीने जातो, बहुतेक वेळा फोटोच्या कडेपर्यंत पोचतो, आणि त्याचा काळेपणा किंवा पांढरेपणा आजूबाजूच्या कुठल्याच छटेशी जुळत नाही.

त्याचा रंगही बोलतो. काचेवरचा थर खरवडला गेला असेल तर तिथून उजेड जास्त जातो आणि कागदावर काळी रेघ येते. काचेवर धूळ बसली असेल तर उजेड अडतो आणि पांढरा ठिपका येतो. कागदाची प्रत नंतर घासली गेली असेल तर खालचा कागद उघडा पडून पांढरा चरा दिसतो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात घडलेल्या असतात. पांढरा चरा मी निःशंक काढतो. काळ्या रेघेपाशी थांबतो, कारण त्याच काचेवरून काढलेली दुसरी प्रत दुसऱ्या कुठल्या संग्रहात असली आणि तिच्यातही ती रेघ नेमक्या त्याच जागी असली, तर ती काचेची खूण ठरते आणि दोन्ही प्रती एकाच काचेच्या आहेत याचा पुरावा बनते.

पिवळेपणा आणि तांबूस डाग यांचं काम त्या मानाने सोपं आहे, आणि यात एक युक्ती फार कामाला येते. फोटोचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे उघडून पाहा. पिवळा किंवा तांबूस डाग निळ्या चॅनेलमध्ये काळाकुट्ट दिसतो, हिरव्यात मध्यम आणि लालमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा उजेड-काळोखाची सगळी माहिती लाल चॅनेलमधून घ्या. अर्धे डाग तिथेच संपतात, ब्रश हातात न घेता. उरलेल्यांना हीलिंग ब्रश (शेजारच्या भागावरून डाग भरणारा) लावा, तोही डागापेक्षा जेमतेम मोठा. सबंध फोटोवर धूळ काढणारा फिल्टर फिरवू नका. खडी, सिलिपाटांच्या रेषा आणि रिवेट त्याला धूळच वाटतात. वापरायचाच तर मास्क लावून फक्त मोकळ्या आकाशात.

डाग गेल्यावर फोटो पूर्ण काळा-पांढरा ठेवू नका. अल्ब्युमेनची, म्हणजे त्या अंड्याच्या पांढऱ्याच्या कागदावरची, ताजी प्रत जांभळट तपकिरी असे. पिवळेपणा नंतर येतो, तोही उजळ भागांत जास्त. म्हणून शेवटी एक हलकी उबदार तपकिरी छटा परत द्या आणि उजळ जागा तुलनेने स्वच्छ ठेवा. विसाव्या शतकातल्या जिलेटिनच्या प्रतींना मात्र ही छटा देऊ नका, त्या मुळातच थंड काळ्या असतात. त्यांच्या काळोख्या कडांवर चंदेरी-निळसर झळाळी आलेली असते, तीत चांदीचे कण पृष्ठभागावर आलेले असतात. संगणकावर ती काढणं कष्टाचं आहे. स्कॅन नव्याने मिळणार असेल तर उजेडाचा कोन बदलून किंवा ध्रुवीकरणाचे फिल्टर लावून फोटो घ्यायची विनंती करा, बरीचशी झळाळी तिथेच जाते.

आता एआय. या साधनांबद्दल मला राग नाही. धूळ कुठे कुठे आहे याचा नकाशा काढायला, मोकळ्या आकाशातले शेकडो ठिपके भरायला ती उत्तम आहेत आणि माझे तासन्‌तास वाचवतात. पण जिथे माहिती नाही तिथे ती माहिती तयार करतात, आणि ती इतकी पटण्यासारखी असते की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

इंजिनाच्या चाकाला किती आरे आहेत, हे जुन्या इंजिनांचा वर्ग ओळखण्याची एक खूण असते. एआय आरे मोजत नाही. ‘चाकाला आरे असतात’ एवढंच त्याला माहीत असतं, म्हणून ते सम अंतरावर छान आरे काढून देतं, संख्या काहीही असो. रिवेटांच्या रांगांचं तसंच. वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, ‘जी. आय. पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी पुसट अक्षरं आणि क्रमांक असेल तर त्या जागी लॅटिन लिपीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी उमटतं, किंवा ३ चा ८ होतो. पुसट ३ मध्ये निदान शंका असते. ठळक ८ मध्ये ती राहत नाही, आणि मग तोच क्रमांक पुढे कुणाच्या तरी लेखात जातो.

चेहऱ्यांबद्दल मी जास्त आग्रही आहे. भोर घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. कंत्राटदारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. सोलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं, हेही नोंदलेलं आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्यावर तर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. पण पटकीने आणि सुरुंगांनी मेलेल्या त्या मजुरांपैकी कुणाचं नाव फोटोखाली सापडत नाही. काही फोटोंत ते दिसतात: पुलाच्या मचाणावर, बोगद्याच्या तोंडाशी, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, कडेला बसलेलं एखादं पोर. स्कॅनमध्ये त्यांचा चेहरा दहा-बारा पिक्सेलांचा. चेहरा ‘सुधारणारं’ साधन त्या दहा पिक्सेलांवर दोन रेखीव डोळे, नाक आणि ओठ बसवतं. तो चेहरा त्याने आजच्या हजारो फोटोंवरून शिकलेला असतो. तो त्या बाईचा नसतो, जगात कुणाचाच नसतो. तिची म्हणून इतिहासात तेवढी एकच खूण उरली होती, आणि ती पुसून आपण तिच्या जागी एक मुखवटा लावतो. प्रदर्शनाला त्याच गावांतली माणसं येणार, ज्यांचे खापरपणजे कदाचित त्या कामावर होते. त्यांच्यापुढे तो मुखवटा ठेवू नका. पुसट चेहरा पुसटच दाखवा.

फाटून गेलेल्या कोपऱ्याबद्दलही हेच. त्या जागी काय होतं ते कुणालाच माहीत नसेल तर तिथे झाड किंवा दगड रचू नका. शेजारच्या कागदाच्या रंगाची सपाट छटा भरा, म्हणजे नजर अडखळत नाही आणि फसतही नाही. कधी कधी तर ते भोकच महत्त्वाचं असतं. अमेरिकेत १९३० च्या दशकात शेतीसुरक्षा खात्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत असे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात त्या निगेटिव्ह आजही आहेत, फोटोच्या मधोमध काळा गोल घेऊन. तो गोल भरला तर कुणी काय नाकारलं हा इतिहास जातो.

रंगाकडे येतो. जुन्या काचा निळ्याला हळव्या होत्या हे वर सांगितलं. याचा दुसरा अर्थ असा की लाल आणि पिवळा त्यांना जवळजवळ दिसतच नसे. लाल पागोटं काळं येतं, इंजिनाचा लाल बफर-बीम (पुढची आडवी तुळई) काळा येतो, पिवळी अक्षरं गडद येतात. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्मान फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्याची जाण आणता येते हे शोधलं, आणि सगळे रंग बऱ्यापैकी योग्य उजेडात पकडणाऱ्या काचा बाजारात १९०६ च्या सुमारास आल्या. फोटो रंगवणारं एआय मात्र आजच्या फोटोंवर शिकलेलं आहे. त्याला काळं दिसलं की ते काळंच धरतं. तेव्हा १८६० च्या दशकातला फोटो त्याच्याकडे दिलात की ते मजुरांना काळी-तपकिरी पागोटी घालणार आणि सह्याद्रीला बहुधा युरोपातल्या कुरणासारखा हिरवा रंग देणार, मग फोटो वैशाखातला का असेना.

यात रेल्वेची म्हणून एक खास गोष्ट आहे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या नव्या इंजिनाचा अधिकृत फोटो काढताना त्याला मुद्दाम मंद राखाडी रंग देत. चकचकीत रंगावर उजेड परावर्तित होतो आणि बारकावे जातात, म्हणून. फोटो झाला की इंजिन खऱ्या रंगात रंगवत. काचेवर मागची पार्श्वभूमी रंगाने झाकून टाकत, म्हणून अशा फोटोंत इंजिन पांढऱ्या पोकळीत तरंगताना दिसतं. मँचेस्टरच्या बायर-पीकॉक कारखान्याचे असे फोटो तिथल्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहेत. त्या राखाडी इंजिनाला एआयने दिलेला हिरवा किंवा लाल रंग हा कल्पनेवर केलेली कल्पना असते. आणि मागची ती पांढरी पोकळी खराबी समजून भरूही नका, ती कारखान्याने स्वतः केलेली आहे.

रंगाची हौस असेल तर खरा रंग असलेले रेल्वेचे फोटो सार्वजनिक संग्रहांत आहेत, त्यांवर हात बसवा. रशियात प्रोकुदिन-गोर्स्कीने साधारण १९०५ ते १९१५ या काळात लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकामागून एक असे तीन फोटो घेतले, त्यांत रेल्वेचे पूल आणि मुर्मान्स्क मार्गावरची ट्रॉलीही आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये त्याच्या वारसांकडून १,९०२ निगेटिव्ह विकत घेतल्या. तिन्ही फोटो एकमेकांवर जुळवले की रंग उभा राहतो, आणि तो त्या दिवशीच्या उजेडाचा असतो. तीन फोटोंच्या मध्ये पाणी किंवा धूर हलला असेल तिथे इंद्रधनुषी कडा येतात. त्या राहू द्याव्यात असं माझं मत आहे. जॅक डेलानोने १९४२-४३ मध्ये शिकागोच्या रेल्वे यार्डांत कोडाक्रोमवर काढलेले फोटोही तिथेच आहेत. त्यांचे रंग इतके टिकलेत की धूळ काढण्यापलीकडे फारसं काही करावंच लागत नाही.

मथळे तपासायला दुरुस्तीचं काम हीच उत्तम संधी असते, कारण एवढ्या जवळून तो फोटो बहुधा कुणी पाहिलेला नसतो. ‘भोर घाट’ म्हणून नोंदलेला फोटो थळ घाटातला निघणं नेहमीचं आहे. रुळांमधलं अंतर पाहा: जीआयपीचं रुंद मापाचं अंतर १६७६ मिलिमीटर, बार्शी लाइट रेल्वेचं ७६२, माथेरानचं ६१०. शेजारी उभ्या माणसाच्या उंचीशी ते ताडून पाहिलं तरी गोंधळ सुटतो. भोर घाटात गाडीची दिशा उलटवायचं स्थानक दिसत असेल तर तो फोटो १९२९ च्या आधीचा, कारण तेव्हा मार्ग बदलून ते बंद झालं. इंग्रजी कागदपत्रांत म्हाऊ-के-मल्ली नावाने येणारा दगडी कमानींचा पूल १८६७ मध्ये कोसळला. तो अखंड उभा दिसत असेल तर फोटो त्याआधीचा. बोरीबंदरच्या दर्शनी बाजूला घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा आहे की कोनाडा रिकामा आहे, तेही नोंदवा. पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला गेला.

फोटो उलटा तर नाही ना, हेही पाहा. काच किंवा स्लाइड चुकीच्या बाजूने स्कॅन झाली की डावं-उजवं बदलतं आणि घाटात ते चटकन लक्षात येत नाही. वाघिणीवरचं एखादं अक्षर सापडलं तर प्रश्न सुटला. नाहीतर नागफणीचा सुळका कुठल्या हाताला आहे ते पाहा. यात तुम्ही दूर बसलेल्या कुठल्याही ग्रंथपालापेक्षा पुढे आहात, कारण तो डोंगर तुम्ही रोज बघता. जागा नक्की ओळखलीत तर संग्रहाला क्रमांकासह कळवा. अशी माहिती ते तपासून नोंदीत घालतात.

हक्कांबद्दल फार काळजी नको. १८६० च्या दशकातल्या फोटोंवर कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून १९३०-४० च्या फोटोंचं मात्र एकेक करून पाहा. हक्क संपला असला तरी संस्थेने फाइल वापरण्यासाठी घातलेल्या अटी वेगळ्या असू शकतात. त्या वाचा आणि नाव द्यायला सांगितलं असेल तर द्या.

छपाई: ए-२ म्हणजे ४२० × ५९४ मिलिमीटर. प्रदर्शनात माणूस हातभर अंतरावरून बघतो, तेव्हा इंचाला २०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधारण ३,३०० × ४,७०० ची फाइल हवी. ८ × १० इंचाची प्रत ६०० ने स्कॅन केलेली असेल तर ४,८०० × ६,००० मिळतात, भरपूर झाले. फाइल लहान असेल तर साध्या बायक्युबिक पद्धतीने दीडपटीपर्यंत वाढवा, त्यापुढे जाऊ नका; तो फोटो ए-३ मध्ये छापा. धार देण्याचं काम सगळ्यात शेवटी, छापायच्या आकारात आल्यावर. कागद मॅट घ्या. शाळेच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर फोटोपेक्षा ट्यूबच जास्त दिसते.

प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहा: ठिकाण आणि काळ, संग्रहाचं नाव आणि क्रमांक, मूळ प्रत कशा प्रकारची, आणि तुम्ही काय केलंत. ‘डाग आणि चरे काढले, उजवा वरचा कोपरा मूळ प्रतीत फाटलेला आहे’ इतकं साधं. शक्य असेल तिथे पोस्टकार्डाएवढ्या आकारात न दुरुस्त केलेली प्रतही शेजारी लावा.

मासिकातून घेतलेल्या फोटोचं काम वेगळं आहे. तो फोटो नसून छपाईच्या ठिपक्यांची जाळी आहे, आणि नुसता धूसर करून ती जात नाही. फुरिये रूपांतराने (चित्रात पुन्हा पुन्हा येणारी नक्षी वेगळी काढणाऱ्या गणिताने) ती जाळी ठराविक जागी चमकणाऱ्या बिंदूंच्या रूपात वेगळी दिसते आणि तेवढे बिंदू झाकता येतात, पण त्यासाठी स्कॅनमध्ये ठिपके स्पष्ट दिसायला हवेत. तुमच्याकडची प्रत आधीच आकसलेली असेल तर ते होणार नाही. ते मासिक जवळच्या ग्रंथालयात मिळालं तर १,२०० ने स्कॅन करून घ्या आणि ती फाइल मला पाठवा. त्याच फोटोवर पायरीपायरीने करून दाखवतो.